फेस कमी, कपडे स्वच्छ : तुमचं माप कसं जमलं?

दिवाळीत आमच्याकडे पहिल्यांदा फ्रंट लोड मशीन आलं. पावडर मात्र जुनीच, बादलीत भिजवायची. पाच किलोची पिशवी नुकतीच फोडलेली, टाकून द्यायला जीव होईना. माप घेतलं सोलापूरच्या जावेचं : मोठे दोन चमचे. पहिल्याच धुण्याला काचेमागे कपडे दिसेनासे झाले, नुसता फेस! मशीन आपलं आपणच पुन्हा पुन्हा पाणी घेत राहिलं, तासाभराचं धुणं पावणेदोन तासांवर गेलं आणि शेवटी काळ्या पँटींवर पांढरे पट्टे. दुरुस्तीला आलेला मुलगा पावडरीची पिशवी बघून नुसता हसला.

कमी फेसाचं काय वापरता, किती घालता, लिहा. आणि पाणी कसलं ते आधी सांगा. जावेकडे बोअरचं जड, क्षारांचं पाणी आहे, मी ठाण्यात महापालिकेच्या मऊ पाण्यावर, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

दोरीवरचे_टॉवेल
पावडर बदलूनही आमचा फेस जाईना. वैतागून एकदा काहीच न घालता, नुसत्या गरम पाण्यावर टॉवेल फिरवले. तरी काचेवर फेस! म्हणजे वर्षानुवर्षांची पावडर टॉवेलांतच मुरलेली. तसे तीनदा फिरवले तेव्हा पाणी स्वच्छ आलं. टॉवेल अंग पुसू लागले, तोवर ते पाणी नुसतं इकडून तिकडे सारत होते. तुम्हीही नवं काही आणण्याआधी हे करून बघा, फुकट आहे.

स्लरीवाला
डिटर्जंटच्या कारखान्यात नोकरी झाली, म्हणून जरा लांबण लावतो. आपल्या पावडरींत फेस येतो तो मुख्यतः ‘अ‍ॅसिड स्लरी’ या दाट, आम्लधर्मी कच्च्या मालामुळे. सोड्याबरोबर तिची क्रिया झाली की धुणारा घटक तयार होतो, आणि तो फेसाळ असतो. मशीनच्या पावडरीत त्याचा वाटा आटोक्यात ठेवतात, कमी फेसाचे दुसरे घटक घालतात, वर फेस मारायला किंचित सिलिकॉन किंवा थोडा साबण. हो, साबण! जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचा संयोग झाला की तो स्लरीचा फेस बसवतो.

फ्रंट लोडमध्ये पाणी थोडं असतं. कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात, एकमेकांवर घासतात, त्यात मळ निघतो. मध्ये फेसाची गादी आली की आपटणंच संपलं. परीट दगडावर उशी ठेवून कपडे आपटेल का?

पण आईआज्यांना वेड्यात काढू नका. तेलकट मळ फेस खातो. बादलीतला फेस टिकला म्हणजे पाण्यात पावडर अजून शिल्लक आहे, ही हाताने धुणाऱ्याची अचूक खूण होती. दुकानदारही बादलीत हात घालून फेस बघायचे, मगच माल उतरवून घ्यायचे. त्यामुळे कारखान्यांनीही वर्षानुवर्षं फेस विकला.

बोअरचं_पाणी, लातूर
वरचं सगळं खरं, पण आमच्याकडे उलटी फसगत होते. सोसायटीने पाणी तपासलं, कठीणपणा लिटरला ५४० मिलिग्रॅम निघाला. (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत योग्य, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतं.) अशा पाण्यात फेस धरतच नाही, म्हणून बायको पावडर वाढवत गेली. कपडे पापडासारखे कडक, पांढरे शर्ट करडे. फेस दिसत नाही म्हणजे नीट विसळलं गेलं, असं जड पाण्यात अजिबात समजू नका. आता फ्रंट लोडचं लिक्विड, ४० अंशांचं पाणी, ड्रम पाऊणच भरायचा, आणि महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनमध्ये लिंबूसत्त्व. शर्ट मात्र करडे ते करडेच राहिले.

मोरीवाली
मशीन नाही, रत्नागिरीजवळ घर, विहीर. पाणी इतकं मऊ की चिमटीभर पावडरीत बादली उतू जाते. मे महिन्यात विहीर तळाला गेली की कळतं, कपडे धुवायला पाणी लागत नाही, फेस काढायला लागतं. कमी फेसाची पावडर आणली तेव्हापासून तीनऐवजी दोन पाण्यांत निघतात. शेजारीण म्हणते, “हिचे कपडे नुसते पाण्यातनं काढलेले.” म्हणू दे. पाणी मी शेंदते.

दुपटी_आणि_लंगोट
बाळाच्या मांड्यांवर पुरळ आलं, डॉक्टरांनी आधी विचारलं, कपडे कितीदा विसळता? पावडर तीच ठेवली, माप निम्मं केलं, एक विसळणं वाढवलं. आठवड्यात उतरलं. कपडे मऊ करणारं सुगंधी पाणीही बंद केलं. पावडरीचंच कारण होतं असं छातीठोक सांगत नाही, उकाडाही त्याच आठवड्यात कमी झाला होता.

एडिसनहून
इथे अमेरिकेत डब्यावर ‘एचई’ अशी खूण बघायची, कमी पाण्याच्या मशीनसाठीची. पण झाकणातली पहिली रेघ दिसता दिसत नाही आणि माणूस झाकण भरून ओततो. मी सरळ चहाचा चमचा ठेवलाय.

सासूबाईंची_सून
आमचं कमी फेसाचं लिक्विड उत्तम आहे. अडचण एकच, सासूबाई मशीनसमोर खुर्ची टाकून बसतात. फेस दिसला नाही की माझी पाठ वळताच वरून मूठभर पावडर. खण उघडायला त्यांना बरोबर जमतं, मोबाइल मात्र जमत नाही.

धागाकर्ती
सासूबाईंवर उपाय कुणाकडे असेल तर मलाही हवा, आमच्याकडे तेच काम नवरा करतो. टॉवेलांचा प्रयोग केला, दुसऱ्या फेरीलाही काच पांढरी. सध्या मशीनचं लिक्विड, डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्मं. रोजचे कपडे छान निघतात, कॉलर आणि मुलाचे मोजे आधी हाताने घासावेच लागतात. जुन्या पिशवीतली साडेचार किलो पावडर पायपुसण्यांना आणि गॅलरी धुवायला काढलीय. पुढच्या दिवाळीपर्यंत पुरेल.