लोणारचं तळं बघितलंत, गाव बघितलंत का?

जिल्हा बुलढाणा, म्हणजे लोणार विदर्भातलं. पण जालना-परभणीकडच्या लोकांना ते आपलंच वाटतं. मंठ्याहून तासाभराच्या आत पोचता येतं. बहुतेकांची सहल मात्र काठावरून फोटो काढला की संपते. गावात कोण कोण फिरलंय? काय आवडलं, काय खटकलं, मोकळेपणानं लिहा. सुरुवात मीच करतो.

आम्ही जालन्याहून सिंदखेड राजामार्गे गेलो. जिजाऊंचं जन्मस्थान आणि लखुजीराजांचा वाडा वाटेतच लागतो, त्यामुळे घरातली वडीलधारी मंडळीही खूश. लोणारात मुलांना थेट तळ्यावर न नेता आधी दैत्यसूदनाच्या देवळात नेलं. गावातल्या घरांच्या गर्दीत हे एवढं कोरीव देऊळ असेल असं बाहेरून वाटतच नाही. विष्णूनं लवणासुराला मारलं, त्याची ही जागा. आत अंधार असतो, म्हणून छताचं कोरीवकाम बघायला बॅटरी जवळ ठेवा. घाईत असाल तर तळं काठावरूनच बघा, पण या देवळाला तासभर द्याच. मला तरी लोणारात हेच सगळ्यात जास्त भावलं.

परभणीहून, शाळेत विज्ञान शिकवते

देवळाचं मान्य, पण तळं काठावरून बघून परत फिरायचं हे मला पटत नाही. खाली उतरल्याशिवाय ते कळतच नाही. तळं ज्या खड्ड्यात, म्हणजे विवरात, आहे त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि काळ्या बेसॉल्ट खडकात उल्केच्या आघातानं झालेली अशी विवरं जगात फारच थोडी. मी नववीची मुलं नेली होती. आम्ल-अल्क ओळखायची पीएच पट्टी पाण्यात बुडवली, ती गडद निळी झाली आणि सगळे एकदम ओरडले. पाणी नुसतं खारट नाही, कडक अल्कधर्मी आहे, पीएच दहाच्या आसपास. आत येणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ते वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. एकानं विचारलं, "बाई, मग यात काही जगतं का?" जगतं की! पाण्याचा हिरवा रंग सूक्ष्म शेवाळासारख्या जिवांमुळेच येतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी तळ्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. विवराच्या वयाचा वाद मात्र मिटलेला नाही. कोणी पन्नास हजार वर्षं धरतं, तर नंतरच्या मोजणीत पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास आलं. मुलांना मी दोन्ही आकडे सांगितले.

जिंतूरहून

आमची आज्जी काय विज्ञान-बिज्ञान जाणत नव्हती. तिला नवरात्रात कमळजा देवीला जायचं असायचं, बस. देऊळ पार खाली, पाण्याच्या काठाला. उतरताना सोपं वाटतं, चढताना दम निघतो बगा. आज्जी मधीच बसायची आन् म्हणायची, "तुम्ही व्हा फुडं, मी देवीसंगं बोलत येते." तिथं जवळच सासू-सुनेची विहीर हाय, एका बाजूचं पानी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं म्हणत्यात. गोड कोन आन् खारं कोन, यावरून आमच्या आईचं आन् आज्जीचं दरवर्षी ठरलेलं भांडन. २०२५ साली पानी वाढून देवळात शिरलं म्हणून बातम्या आल्या. म्हणून खाली जायच्या आधी वाट चालू हाय का, हे गावात इचारून घ्या.

छत्रपती संभाजीनगरहून

धारेवर कुणीच लिहिलं नाही? गोमुखातून पडणारं गोडं पाणी, तेही खाऱ्या तळ्याच्या माथ्यावर! तिथं आंघोळ करणाऱ्यांची गर्दी असते आणि साबणाची रिकामी पाकिटंही. ते पाणी शेवटी खालीच जातं, एवढं तरी लोकांनी ध्यानात घ्यावं. वेड्या बाभळीनंही उतार व्यापलाय, पायवाट सोडू नका. पँट फाटते.

(धागाकर्ता)

धारेचं लिहायचं राहूनच गेलं होतं, बरं झालं. कधी जावं असं दोघांनी विचारलंय. हिरवळ हवी असेल तर श्रावण-भाद्रपद, पण उतारावर चिखल असतो. पक्षी बघायचे तर हिवाळा. उन्हाळ्यात जायचंच असेल तर सकाळी लवकर खाली उतरून या, मग दुपारी दैत्यसूदनाचं देऊळ. तळ्याकाठी काही मिळेल या भरवशावर राहू नका. पाणी आणि भाकरी बांधून न्या, आणि पिशवी परत आणा.