मदत हवी आहे: चिप काढताना पाय तुटताहेत

कॅथोड: जुन्या बोर्डावरून झेड-८० प्रोसेसर आणि ६२२५६ रॅम (मेमरी चिप) काढायच्या आहेत, दुसरीकडे वापरायला. पंपाने सोल्डर ओढूनही एक-दोन पाय भोकात अडकतात, उचलायला गेलं की तुटतात. लवकर सांगा, आजच काढायच्या आहेत.

ओममीटर: सोल्डरिंग आयर्न किती वॅटचं? तांब्याचे ट्रॅक बोर्डाच्या एका बाजूला की दोन्ही? बोर्ड राखायचाय का?

फ्लक्सवाला: अडकणारे पाय झेड-८०चे ११ आणि २९, ६२२५६चे १४ आणि २८ असणार. सप्लाय आणि ग्राउंड. तिथलं रुंद तांबं उष्णता खेचून घेतं, वरच्या बाजूचं सोल्डर वितळतच नाही. पंपाआधी फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट) लावून पायांवर ताजं ६०/४० (कथील-शिसं) सोल्डर भरा. ओढून झालं की पाय चिमट्याने हलवा. टक् करून हलला तरच सुटला समजा. अर्धवट रिकामं भोक कोरडं तापवत बसू नका, पुन्हा सोल्डर भरून मग ओढा.

कॅथोड: हो, ११ आणि २९च! आयर्न २५ वॅट, ट्रॅक दोन्ही बाजूंना. बोर्ड नकोय.

गरमहवा: बोर्ड नकोय तर पंप कशाला? हॉट एअर ३५० अंशांवर, पायांच्या बाजूने, गन फिरती ठेवून. सगळे पाय एकदम सुटतात.

फ्लक्सवाला: ४० पाय सुटेपर्यंत चिपही भाजत राहते. एकेका पायाला तीन सेकंद पुरतात.

गरमहवा: खालून हवा दिली की मध्ये बोर्ड असतो. शेजारचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र आधी काढा, फुटतात.

नवाकोरा: एवढी उठाठेव कशाला? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, नवी झेड-८० आणा.

ओममीटर: ती बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने २०२४मध्येच सुट्या झेड-८०च्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. आता जुनीच चिप, वरची अक्षरं घासून पुन्हा छापलेली, नवी म्हणून गळ्यात मारतात. ॲसिटोनचा बोळा फिरवा, अक्षरं निघाली तर घेऊ नका.

कॅथोड: ते राहू द्या. २५ वॅटवर २९ नंबर सुटेल का?

ओममीटर: अवघड आहे. हॅकसॉने चिपभोवती अर्धा इंच सोडून बोर्ड कापा, तांबं कमी झालं की सुटेल. मास्क लावा, फायबरग्लासची धूळ उडते. रॅमशेजारी बॅटरी होती का? पायांवर हिरवट थर?

कॅथोड: आहे. १ ते ४ वर.

फ्लक्सवाला: हे आधी सांगायचं! त्या थरावर सोल्डर धरत नाही. निकेल-कॅडमियमची गळती अल्कलीची, म्हणून आधी व्हिनेगर, मग पाणी, वाळल्यावर पाय चमकेपर्यंत फायबर ब्रश आणि मग फ्लक्स. गंजाने खाल्लेले पाय सॉकेटमध्ये घालता-काढता तुटतात. ती रॅम एका मशीन्ड (गोल, भक्कम पिनांच्या) सॉकेटवर कायमची सोल्डर करा आणि त्या सॉकेटसकटच वापरा.