प्रतिसाद: गोगलगायींनी हे जाणार नाही

माशांच्या टाकीतलं शेवाळ कसं घालवायचं, असं तुम्ही विचारलंत; त्यावर मिळालेला गोगलगायी सोडायचा सल्ला काचेवरच्या मऊ हिरव्या थराला ठीक आहे. पण वाळूवर निळसर-हिरवी बुळबुळीत साय, बोट लावलं की अख्खा पापुद्रा सुटतो आणि कुबट वास येतो, असं तुम्ही लिहिलंय. ते शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया आहेत, म्हणजे जिवाणू. गोगलगायी त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

माझ्या 30 लिटरच्या टाकीत हेच झालं होतं. पापुद्रे नळीने ओढून काढले, निम्मं पाणी बदललं आणि टाकी जाड चादरीत गुंडाळून 3 दिवस पूर्ण अंधार ठेवला. (सासूबाईंना वाटलं, मासे गेले.) हवेचा पंप मात्र चालूच ठेवा, मेलेला थर कुजताना ऑक्सिजन खातो. चौथ्या दिवशी पुन्हा पाणी बदललं. झाडं तगली. दिवा आता 6 तासच लावते.