फुग्यात लिहिलं की फुग्यावर? कॉमिक्समधल्या बोलण्याला मराठी शब्द हवा आहे

पानगळ
आठवणींच्या एका पुस्तकाचा अनुवाद करते आहे. लेखक दहा वर्षांचा असताना महिनाभर अंथरुणाला खिळून होता. जवळची सगळी कॉमिक्स वाचून पाठ झाली, तेव्हा त्याने ब्लेडच्या टोकाने पात्रांची वाक्यं खरवडून काढली आणि त्या जागी स्वतःची लिहिली. मी लिहिलं, 'रिकाम्या झालेल्या फुग्यांमध्ये त्याने पेन्सिलीने नवी वाक्यं लिहिली.' संपादकांनी 'फुग्यांमध्ये'खाली लाल रेघ मारली. वाचकाला रबरी फुगा दिसेल म्हणाले, आणि 'संवादकोष' सुचवला. दहा वर्षांचं पोर संवादकोषात लिहितं, हे माझ्या हातून लिहवत नाही. पात्राचं बोलणं ज्या गोलात छापतात, त्याला आपण लहानपणी काय म्हणायचो?

शाईदौत
फुगाच. मी सात-आठ वर्षं चित्रकथांचं अक्षरलेखन केलं. 'फुगा मोठा कर', 'शेपटी त्याच्या तोंडाकडे वळव', 'ह्या फुग्यात तीनच ओळी मावतील', असंच बोलणं असायचं. मनातला विचार म्हणजे 'ढग'. टेलिफोनमधून किंवा रेडिओवरून येणारा आवाज म्हणजे 'काटेरी फुगा'.

विषय निघालाच आहे तर सांगतो, फुग्याचा आकार आमची भाषा ठरवायचा. इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुतेक मजकूर कॅपिटल अक्षरांत, सगळी अक्षरं एका उंचीची, त्यामुळे ओळीला ओळ खेटून बसते. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. वरच्या ओळीतल्या 'कृ'चा पाय खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या डोक्यात अडकायचा. त्यांच्या पाच ओळींच्या जागेत आमच्या तीन. मग भाषांतरकाराला हाक मारायची, एक शब्द काढा. सगळ्यात आधी 'मी' उडायचा, कारण 'सांगेन' म्हटलं की कोण ते कळतंच. 'मी तुला नंतर सांगेन'चं 'नंतर सांगेन!' व्हायचं. ती तोडकी, झटक्याची मराठी आपल्याला आवडली, तिच्यामागे ही जागेची ओढाताण होती.

शब्दव्रती
शाईदौत, अनुभवाबद्दल आदर आहे, पण कामाच्या खोलीतली बोली आणि ग्रंथातला शब्द यांत फरक करायला हवा. 'फुगा' हा 'बलून'चा शब्दाला शब्द तर्जुमा आहे. आपल्याकडे माणूस रुसून फुगतो, गर्वाने फुगतो, पोट फुगतं. यात बोलणं कुठे आलं? 'चित्रपट', 'दिग्दर्शक', 'महापौर' हे सावरकरांच्या भाषाशुद्धीतले शब्दही कुणाला तरी आधी जड वाटलेच असतील. आज कुणाची जीभ अडखळते का? 'उक्तिवलय' वापरून पाहा.

खारवारा
त्याच यादीतला 'बोलपट' कुठे गेला तेही सांगा की. आणि 'चित्रपट' छापायला असला तरी पाहायला जाताना लोक पिक्चरलाच जातात.

बाकीच्या भाषांनी काय केलं बघा. इटालियनमध्ये कॉमिक्सलाच 'फुमेत्ती' म्हणतात, म्हणजे धुराचे छोटे लोट, तोंडातून निघणाऱ्या ह्याच आकारावरून. जर्मनमध्ये 'श्प्रेखब्लाझं', बोलण्याचा बुडबुडा. फ्रेंचमध्ये 'ब्यूल', तोही बुडबुडाच. जपानी 'फुकिदाशी', फुंकून बाहेर काढलेलं. सगळीकडे हवा, धूर, फुंकर. मुलांना जे दिसलं त्याचं नाव पडलं.

शब्दव्रती
फ्रेंचमध्ये 'फिलाक्तेर'ही आहे, आणि तो ग्रीकमधून आलेला भारदस्त शब्द आहे. जुन्या युरोपीय चित्रांत संतांच्या हातात मजकुराची पट्टी दाखवत, तिच्यावरून तो आला. म्हणजे गंभीर शब्दही मुलांच्या चित्रकथेत नांदतो. शिवाय बोलणं नेहमी फुग्यातच होतं असंही नाही. १८९० च्या दशकातल्या अमेरिकन वर्तमानपत्रांतला 'यलो किड' आठवा. त्याचं बोलणं त्याच्या पिवळ्या सदऱ्यावर लिहिलेलं असायचं.

भाषावेल
फुकिदाशी! फुंकणे, फुगणे, फुगा, फुकिदाशी. मी कधीपासून म्हणते आहे की आपली आणि जपानी भाषा कुठेतरी खोल जोडलेली आहे.

खारवारा
भाषावेलताई, जपानी 'फुकु' म्हणजे फुंकणे हे खरं, पण ओठ गोल करून फुंकर मारली की जगात कुणाच्याही तोंडून 'फू'च निघतं. तेवढ्यावर नातं जोडू नका.

भाषावेल
नातं नाही तर नाही. पण मग 'फुगा' हा शब्द शरीरातूनच आलेला आहे, आणि 'उक्तिवलय' म्हणायला ओठांना काही कारणच नाही, हे तरी मान्य करा.

जुनीबाड
मला पानगळ यांच्या पहिल्याच परिच्छेदातलं 'सगळी कॉमिक्स' खटकलं. कॉमिक्स हे नपुंसकलिंगी एकवचन आहे. 'माझं कॉमिक्स कुठंय?' असंच आम्ही ओरडायचो. अनेकवचन 'कॉमिक्सं'. इंग्रजीतला शेवटचा 'स' आपण अनेकवचन म्हणून घेतलाच नाही, तो शब्दाचाच भाग झाला. 'कॉमिक' म्हटलं तर आमच्या घरी कुणाला कळलंही नसतं.

खरं सांगायचं तर आम्ही 'कॉमिक्स'सुद्धा क्वचित म्हणायचो. सगळ्यालाच 'इंद्रजाल', त्या नावाच्या कॉमिक्स मालिकेवरून. चाचा चौधरी हातात असला तरी 'नवं इंद्रजाल आलं'. एकदा वर्गात बाईंनी माझ्या भूगोलाच्या पुस्तकातून एक काढलं आणि 'हे इंद्रजाल कुणाचं?' असं विचारलं, तेव्हा मला अभिमान वाटला की बाईंनाही आमचा शब्द येतो.

खारवारा
जुनीबाड, हे अगदी स्पेनसारखं झालं. १९१७ मध्ये बार्सिलोनात 'टी-बी-ओ' नावाचं मुलांचं साप्ताहिक निघालं, आणि त्या अक्षरांच्या उच्चारावरून कुठलंही कॉमिक्स 'तेबेओ' झालं. ब्राझीलमध्ये 'जिबी' नावाच्या मासिकाचं तेच. 'इंद्रजाल' १९६४ ला सुरू होऊन १९९० ला बंद पडलं. आणखी वीसेक वर्षं टिकतं तर आपल्या शब्दकोशात त्याला जागा मिळाली असती.

पिंगुळकर
'चित्रकथा' शब्द कुणाच्याच तोंडी का नाही? १९६७ पासून 'अमर चित्र कथा'च्या मुखपृष्ठावर तो आहे. आणि शब्द त्याहून कितीतरी जुना. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी एक-एक चित्र समोर धरून, वाद्याच्या साथीने रामायण-महाभारतातल्या कथा गातात. चित्र समोर असतं आणि बोलणं गाणाऱ्याच्या तोंडी असतं, म्हणून तिथे फुगा लागतच नाही. शब्दव्रतींना शुद्ध शब्द हवा असेल तर हा घ्या, घडवावा लागणार नाही.

जुनीबाड
पण पिंगुळकर, चित्रकथा म्हटलं की मला देव आणि राजे दिसतात. इंद्रजालमधले वेताळ, मँड्रेक, बहादूर हे नायक 'चित्रकथे'त बसत नाहीत. बहादूर तर १९७६ मध्ये आबिद सुरतींनी खास इथल्या मातीतला म्हणून आणला, तरीही तो कॉमिक्सच.

शब्दव्रती
वेताळाचा विषय निघाला म्हणून विचारतो. 'फॅन्टम'चा वेताळ करणं कुणाला योग्य वाटतं? वेताळ पंचविशीत वेताळ झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरलेलं भूत आहे. हा तर हाडामांसाचा माणूस, बापामागून मुलगा मुखवटा चढवतो, आणि लोक त्याला अमर समजतात. अर्थाचा सरळ विपर्यास.

पिंगुळकर
अजिबात नाही. तुमचा वेताळ पंचविशीतला, आमचा आरवलीचा. कोकणात वेतोबा हा गावाचा राखणदार आहे. तो रात्री गावाभोवती फिरतो, म्हणून त्याला भलीमोठी चामड्याची पायताणं वाहतात. जंगलाची राखण करणारा, कुणालाही न दिसता फिरणारा, ज्याच्या नुसत्या नावाने चोर चळाचळा कापतात तो फॅन्टम, याला 'वेताळ' यापेक्षा नेमका शब्द मराठीत आहे कुठे? ज्यानं हे नाव योजलं त्याला आपली दैवतं माहीत होती.

पानगळ
सगळ्यांचे आभार, वाचताना दोन तास गेले. पण माझं वाक्य अजून तिथेच आहे. परवा द्यायचं आहे. 'रिकाम्या झालेल्या ______ त्याने पेन्सिलीने नवी वाक्यं लिहिली.'

शाईदौत
पानगळताई, गडबड 'फुगा'ची नाही, 'रिकाम्या'ची आहे. रिकामा फुगा म्हटलं की हवा गेलेला रबरच डोळ्यांपुढे येतो. 'पात्रांच्या तोंडचे फुगे त्याने कोरे केले आणि आपली वाक्यं भरली' असं करून बघा. 'तोंडचे' आलं की फुगा कुठला ते कळतं. कोरा हा कागदाचा शब्द आहे, रबराचा नाही.

शब्दव्रती
'तोंडचे फुगे' चालेल असं म्हणवत नाही, पण 'कोरे' चांगलं आहे. पिंगुळकर, पायताणांचं मान्य. तरी वेतोबा आणि वेताळ एकच, हे कशावरून?

पिंगुळकर
'वेताळ'ला 'बा' लावला की वेतोबा. विठ्ठलाचा विठोबा होतो तसा. उद्या सविस्तर लिहितो.