एवढ्या गर्दीत खुज्या दीर्घिकेचा दांडा टिकतो कसा?

फोंड्याचा_दुर्बीणवाला
परवा अमावास्येला नेत्रावळीला गेलो होतो आठ इंची डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण) घेऊन. उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला सरकत गेलो तर एम८४ आणि एम८६ या दोन दीर्घिका (गॅलेक्सी) एकाच वेळी आयपीसमध्ये, दोन धुरकट फुंकरा, डोळा काढवेना. घरी येऊन वाचलं की त्या ज्यात आहेत तो कन्या दीर्घिका-समूह साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे, हजारावर दीर्घिका, बहुतेक खुज्या म्हणजे लहान, आणि त्यातल्या काहींना मधे दांडा (ताऱ्यांचा सरळ पट्टा) आणि बाहेर वळणाऱ्या भुजा पण असतात. एवढ्या धक्काबुक्कीत इवल्याशा दीर्घिकेचा आकार मोडत कसा नाही? कोणीतरी नीट समजावा.

म्हापशाची_चांदणवेडी
दादा, दांडा आणि भुजा वेगळ्या करून बघा. दांडा म्हणजे ताऱ्यांच्या लांबुळक्या कक्षा एका रेषेत जुळलेल्या. भुजा उठून दिसतात त्या नव्या निळ्या ताऱ्यांमुळे आणि त्यांना थंड वायू लागतो. समूहात कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला असतो, एक्स-रेमध्ये दिसतो तो, खुजी दीर्घिका त्यातून सेकंदाला हजारेक किलोमीटरने सुसाट जाते आणि तिची गुरुत्वाची ओढच कमी म्हणून तिचा वायू मागे सुटतो, मांडवीच्या पुलावर स्कूटरवरून टोपी उडते ना, तसाच. ताऱ्यांना मात्र हा वारा लागत नाही. म्हणून भुजा फिकटतात, दांडा राहतो.

काणकोणकार
बरोबर, पण वायूचं झालं, ओढीचं राहिलं. मोठी दीर्घिका जवळून गेली की खुजीची चकती डळमळते, आणि त्याच धक्क्याने दांडा नव्याने तयारही होऊ शकतो. मला तर हेच जास्त भारी वाटतं. आयसी ३३२८ ही दीर्घिका बघा, याच समूहातली, साधी गुळगुळीत लंबवर्तुळाकार खुजी समजायचे, २००० साली चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीच्या फोटोतून गुळगुळीत भाग वजा केला तेव्हा आत पुसट सर्पिल भुजा निघाल्या!

फोंड्याचा_दुर्बीणवाला
वा, आता कळलं! दांडेवाली खुजी डॉबमधून दिसेल का पण?

काणकोणकार
समूहातली कठीण बाब, फार मंद. त्यापेक्षा मोठा मॅजेलन ढग ही जवळची खुजी दीर्घिका गाठा, समूहात नाही पण दांडा आहे, तोही केंद्रापासून सरकलेला, आणि अंतर फक्त १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं. जानेवारीच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास आपल्या गोव्यातून दक्षिण क्षितिजावर पाचेक अंश वर येतो. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा दमटपणाने खाल्लं. पाऊस पडून आकाश धुतल्यावर परत जाणार, येता?