मदत हवी आहे : मुलासाठी खाजगी ट्रस्ट करायचा आहे, मसुदा मिळेल का?

शनिवारपेठी
पुण्यातील राहता फ्लॅट आणि मुदतठेवी आमच्या पश्चात मुलाच्या उपयोगी पडाव्यात, यासाठी ट्रस्ट करावयाचा आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी हवीच असे एक वकील म्हणतात, तर दुसरे ती लागत नाही म्हणतात. विश्वस्त म्हणून मुलीचे नाव घालणार आहे. पुढील महिन्यात दस्त करायचाच आहे. कोणाकडे तयार मसुदा असल्यास कृपया द्यावा.

पक्षकार
दुसरे वकील बरोबर आहेत. धर्मादाय आयुक्तांचा संबंध सार्वजनिक न्यासांशी येतो. आपला ट्रस्ट खाजगी असून त्याला १८८२ चा भारतीय न्यास कायदा लागू होतो. मात्र हयातीत फ्लॅट ट्रस्टमध्ये घालायचा असेल, तर दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागेल. मुलाचे वय काय? त्याला थेट मालमत्ता न देता ट्रस्ट का? फ्लॅट स्वकष्टार्जित आहे का?

शनिवारपेठी
मुलाला स्वमग्नता आहे, वय २७; ट्रस्ट म्हणूनच तर करतो आहे. फ्लॅट माझ्या आणि पत्नीच्या नावे, आमच्याच पैशांतून घेतलेला. मुलगी टोरांटोला असते. मसुद्याचे काय?

हिशेबी
अविभक्त हिंदू कुटुंबाचे वेगळे पॅन काढा, कर बराच वाचतो.

पक्षकार
हिशेबी, त्यांनी कर वाचवण्याचा उपाय विचारलेलाच नाही.
शनिवारपेठी, फ्लॅट दोघांचा असल्याने पत्नीचीही सही लागेल. मुलगी कॅनडात कायमची स्थायिक असेल, तर एकटी विश्वस्त म्हणून तिचे नाव अडचणीचे ठरेल. परदेशी अधिवास असलेली व्यक्ती या कायद्याच्या ६० व्या कलमानुसार विश्वस्तपदास योग्य मानली जात नाही, आणि विश्वस्त सलग सहा महिने भारताबाहेर राहिल्यास ७३ व्या कलमाखाली त्याच्या जागी दुसरा नेमता येतो.

सदाशिवराव
एवढा खटाटोप कशाला? मृत्युपत्रानेच ट्रस्ट निर्माण करा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. मुलाला बक्षीसपत्राने राहते घर देताना महाराष्ट्रात जी दोनशे रुपयांची सवलत मिळते, ती ट्रस्टला आपोआप लागू होईल असे समजू नका.

मावशी_कोल्हापूर
सदाशिवराव, मृत्युपत्र माणूस गेल्यावर अमलात येते. उद्या आईवडील दोघेही अंथरुणाला खिळले, तर मुलाचा खर्च कोण करणार? आम्ही भाचीसाठी लहान रकमेचा ट्रस्ट हयातीतच सुरू केला आणि उरलेली मालमत्ता मृत्युपत्राने त्यात जाईल अशी तजवीज केली. सोबत विश्वस्तांसाठी एक पत्र ठेवले : औषधांच्या वेळा, मिक्सर सुरू करण्यापूर्वी तिला सांगावे लागते, नव्या माणसाने पहिले दोन दिवस तिच्याशी न बोलता नुसते जवळ बसावे. दस्तात हे मावत नाही, आणि बँकेची विश्वस्त-सेवा असले काही विचारतही नाही.

सदाशिवराव
बँकेचा विश्वस्त निदान मरत तरी नाही, मावशी.

पक्षकार
त्याचे शुल्कही दरवर्षी द्यावे लागते, आणि लहान निधीला ते परवडत नाही. पण मूळ मुद्दा बाजूला पडतो आहे. विश्वस्त मालमत्ता सांभाळतो, माणसाला नव्हे. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात येत असल्याने पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. तो केला आहे का?

शनिवारपेठी
नाही. पालकत्वाचा दाखला ट्रस्टच्या दस्ताआधी लागतो का?

पक्षकार
आधीच लागतो असे नाही, पण त्याशिवाय बँकेत किंवा रुग्णालयात मुलाच्या वतीने सही कोण करणार, हा प्रश्न उभा राहतो. भारतात राहणारे, वयाने लहान असे कोणी जवळचे आहे का?

शनिवारपेठी
नाशिकला पुतण्या आहे. त्याला अजून विचारलेले नाही.

मावशी_कोल्हापूर
मग आधी त्याला विचारा, आणि त्याच्या पत्नीलाही. मसुदा व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवते; त्यातील पर्यायी विश्वस्ताचे कलम मात्र कोरे ठेवू नका.