मालवणला पाण्याखालचे फोटो हिरवेगार का येतात?

समुद्रवेडा: डिसेंबरात तारकर्लीला स्कुबा केलं, गोप्रो न् लाइट होता सोबत, पण घरी येऊन बघतो तर सगळं हिरवंगार, वर पांढरे ठिपके, प्रवाळ तर नुसते राखाडी दगड वाटतायत. कॅमेरा बदलू का?

खारावारा: कॅमेऱ्याला कशाला दोष देता, पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं, ५-६ मीटरवर तो जवळपास गायबच. निळ्या पाण्यात लाल फिल्टर चालतो पण आपल्याकडे प्लवकांमुळे पाणी हिरवट, तिथे मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) फिल्टर लावा. आणि फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा, व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगांचा तोल नंतर सुधारता येतो.

मीनाक्षी_पुणे: ठिपके म्हणजे बॅकस्कॅटर. लाइट लेन्सला चिकटून असला की मधला गाळच उजळतो, म्हणून लाइट आर्मवर (कॅमेऱ्याला जोडायच्या दांड्यावर) लांब, किंचित बाहेर वळवून लावायचा. पण खरं सांगू का, माशाच्या हातभर जवळ गेल्याशिवाय काही खरं नाही, मधलं पाणी जितकं कमी तितका फोटो स्वच्छ. फिन्स सांभाळा मात्र, एक लाथ बसली की वाळू उडते आणि मागच्यांचीही वाट!

समुद्रवेडा: आर्म घेऊन गाइड उतरू देईल का? तो तर आपल्याला धरूनच फिरवतो ना

खारावारा: ट्राय डाइव्हला, म्हणजे प्रशिक्षण नसताना गाइडसोबत मारलेल्या डाइव्हला, अवघडच. आधी ओपन वॉटर कोर्स (स्कुबाचा सुरुवातीचा कोर्स) करा, बॉयन्सी म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहणं जमलं की मग सामान घ्या.